ट्रंकेतल्या पदकावरून बोटीवरच्या माणसाचा माग कसा काढावा

पुण्यात समुद्र नाही, पण कोकणातून येऊन इथे स्थायिक झालेल्या कितीतरी घरांत ‘आमचे पणजोबा बोटीवर होते’ हे वाक्य ऐकू येतं. त्यापुढे मात्र कुणाला काही सांगता येत नाही. आमच्याही घरी तसंच होतं. आजीच्या ट्रंकेत नऊवारीच्या घडीखाली एक काळपट पदक होतं, आणि ते सैन्यातलं असावं असं आम्ही वर्षानुवर्षं धरून चाललो होतो. खरं तर ते व्यापारी जहाजावरच्या खलाशाचं होतं.

पदक हाती आलं की पहिली गोष्ट, ते घासू नका. चिंच नको, पितांबरी नको. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांवर नाव कडेवर, म्हणजे नाण्याच्या जाडीवर, ठोकलेलं असतं आणि घासून घासून तेच आधी पुसट होतं. खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च आडवा धरा आणि पदक हळूहळू फिरवा. अक्षरं सावलीतून वर येतात. दिसतील तशी, चुकांसकट उतरवून घ्या.

आता पदक कोणतं ते ओळखायचं. पहिल्या युद्धाचं मर्कंटाइल मरीन वॉर मेडल ब्राँझचं असतं. मागच्या बाजूला खवळलेल्या समुद्रातून जाणारी आगबोट आणि बुडणारी पाणबुडी दिसते. फीत हिरवी, पांढरी आणि लाल. जहाजाच्या उजव्या अंगाचा दिवा हिरवा, डाव्याचा लाल आणि डोलकाठीवरचा पांढरा, तेच रंग फितीत उतरले आहेत. आमच्या पदकाची फीत विटून गेली होती, पण पिनेखाली दुमडलेल्या भागात हिरवा रंग शाबूत होता. तो दिसला तेव्हा आजीच्या ट्रंकेत समुद्र होता हे मला पहिल्यांदा कळलं. हे पदक धोक्याच्या टापूतून किमान एक सफर केलेल्यांना मिळत असे. त्याच्या जोडीला बहुधा चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल असतं. दोन्हींच्या कडेवर फक्त नाव असतं, हुद्दा किंवा जहाज नसतं. चांदीच्या पदकावर नंबर आणि पलटण दिसली, तर तो माणूस फौजेतला.

दुसऱ्या युद्धाचे स्टार, म्हणजे ताऱ्याच्या आकाराची पदकं, सहा टोकांचे, पिवळसर धातूचे. व्यापारी खलाशांच्या स्टारवर बरेचदा नावच नसतं, म्हणून ते नकाशासारखे वाचायचे. 1939–45 स्टारसाठी सर्वसाधारणपणे सहा महिने समुद्रावर काढावे लागत. अटलांटिक स्टार त्यानंतरच्या आणखी सहा महिन्यांचा. बर्मा स्टार असेल तर डिसेंबर 1941 नंतर हा माणूस बंगालच्या उपसागरात असण्याची शक्यता मोठी. संच जुन्या बाजारातून घेतलेला असेल, तर ही सगळी पदकं एकाच माणसाची आहेत असं गृहीत धरू नका. तिथे फिती आणि पदकं सर्रास एकमेकांत मिसळलेली असतात.

इथपर्यंत आलात की पदक बाजूला ठेवा. माणसापर्यंत नेतं ते जहाजाचं नाव, आणि ते घरातच शोधावं लागतं. सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, मिळालं तर उत्तमच, कारण त्यात एकेका सफरीची नोंद असते. ते नसेल तर मुंबईहून आलेल्या मनीऑर्डरची कुपनं जपून बघा, त्यांवर पोस्टाच्या शिक्क्याची तारीख असते. घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘जहाजाचं नाव काय?’ असं थेट विचारू नका, ते गडबडतात. काम काय करायचे ते विचारा. सारंग, टिंडेल, सुकाणी म्हणजे बहुधा डेकवरचा माणूस. आगवाला, तेलवाला म्हणजे इंजिनातला. भंडारी म्हणजे स्वयंपाकी. मग सणावारांवरून काळ पकडा. समजा आत्या म्हणाली, ‘बेचाळीसची दिवाळी करून ते आफ्रिकेच्या बोटीवर गेले आणि बोट बुडाली.’ एवढ्यावरून तिलावा हे जहाज तपासावंसं वाटलं पाहिजे. ते 20 नोव्हेंबर 1942 ला मुंबईहून सुटलं आणि 23 तारखेला जपानी पाणबुडीने बुडवलं. 958 जणांपैकी 280 गेले.

माणूस समुद्रात मरण पावला असेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था, तिच्या संकेतस्थळावर मोफत शोध घ्या. तिथे जहाजाचं नाव असतंच, पुष्कळदा वडिलांचं नाव आणि गावही मिळतं. जगून परत आला असेल, तर लंडनजवळच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या पदकांच्या नोंदी बघा. तिथल्या दप्तराचे क्रमांक असे: पहिल्या युद्धासाठी बीटी 351, दुसऱ्यासाठी बीटी 395. ब्रिटनमध्ये दुसऱ्या युद्धाची पदकं खलाशांना अर्ज करून मागून घ्यावी लागत, त्यामुळे बीटी 395 मध्ये नाव नाही म्हणजे माणूस बोटीवर गेलाच नव्हता असं होत नाही. जहाज कळलं असेल तर बीटी 389 मधली जहाजांच्या हालचालींची कार्डं मागवा. कोणत्या बंदरात कोणत्या तारखेला, हे त्यांवर मिळतं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ घरबसल्या चाळता येतं. पेशवे दफ्तरात मात्र यासाठी हेलपाटा घालू नका, तो काळच वेगळा.

सगळ्यात जास्त वेळ नाव खातं. साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं, आणि आडनाव बहुधा नसतंच. ‘राघो बिन गोविंद’ हा यादीत नुसता ‘रागू गोविंद’ होतो. म्हणून आडनाव शोधूच नका. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि गाव ही तिन्ही वेगवेगळ्या स्पेलिंगने एका कागदावर मांडा आणि दोन तरी जुळल्याशिवाय हा आपलाच माणूस असं म्हणू नका. एकाच गावातले चार-चार राघो एकाच जहाजावर असू शकतात.

आणि एक दिवस मुंबईला जा. मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही अशा खलाशांचं स्मारक आहे. पहिल्या युद्धातल्या दोन हजारांहून अधिक आणि दुसऱ्या युद्धातल्या सहा हजारांहून अधिक माणसांची आठवण तिथे ठेवली आहे. आधी चौकशी करून जा, आणि नावांच्या स्पेलिंगचा तो कागद बरोबर घ्या.