नव्या स्पोर्ट्स कारवर ॲडॅप्टिव्ह सस्पेन्शन मागवावे की नाही, हे कसे ठरवावे

स्पोर्ट्स कारची मागणी नोंदवताना समोर येणाऱ्या बहुतेक पर्यायांची निवड चुकली, तरी ती पुढे निस्तरता येते. चाके बदलता येतात, टायर तर बदलावेच लागतात, म्युझिक सिस्टिमही बाहेरून बसवून मिळते. कारखान्यातून येणारे ॲडॅप्टिव्ह, म्हणजे रस्त्याप्रमाणे आपोआप कडक-मऊ होणारे, सस्पेन्शन मात्र मागाहून बसवणे व्यवहारात जवळजवळ अशक्य असते, कारण त्यात केवळ चार निराळे शॉक ॲब्सॉर्बर नसतात. चाकांची उंची आणि गाडीच्या सांगाड्याची हालचाल मोजणारे सेन्सर, त्यांचे स्वतंत्र वायरिंग, नियंत्रण करणारा संगणक आणि त्याचे सॉफ्टवेअर एवढा सगळा संसार त्याबरोबर येतो. म्हणून हा निर्णय सहीच्या आधीच, आणि नीट तपासून घ्यावा लागतो.

पुण्यात याबाबत साधारणपणे दोन सल्ले ऐकू येतात. ‘आपल्याकडे खड्डे आहेत, तेव्हा घ्यायलाच हवे’ हा पहिला, आणि ‘आपण कुठे रेस ट्रॅकवर जाणार, पैसे वाचवा’ हा दुसरा. दोन्ही सल्ले देणाऱ्याने हे सस्पेन्शन नेमके काय करते, हे पाहिलेले नसते.

१. काय विकत घेत आहात, ते आधी समजून घ्या

गाडीचा भार स्प्रिंग पेलते आणि त्या स्प्रिंगची उसळी शॉक ॲब्सॉर्बर आवरतो. ॲडॅप्टिव्ह प्रकारात बदलतो तो फक्त शॉक ॲब्सॉर्बरचा कडकपणा. पोलादी स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही आणि बटण दाबून गाडीची उंचीही वरखाली होत नाही. काही गाड्यांत शॉक ॲब्सॉर्बरमधील तेलाची वाट विजेवर चालणारी झडप लहानमोठी करते. मॅग्नेराइड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात तेलातच लोखंडाचे सूक्ष्म कण असतात आणि चुंबकीय क्षेत्र वाढवले की ते तेल काही मिलिसेकंदांत घट्ट झाल्यासारखे वागू लागते. हे तंत्र २००२ मध्ये कॅडिलॅकच्या सेव्हिल एसटीएसवर प्रथम विक्रीस आले आणि पुढे कॉर्व्हेट, फेरारी व ऑडीच्या गाड्यांपर्यंत पोहोचले.

आता हे का उपयोगी आहे, तेही पाहू. गाडीचा सांगाडा स्प्रिंगवर सेकंदाला साधारण एक ते दोन वेळा डोलतो, तर खाली चाक स्वतः सेकंदाला दहा ते पंधरा वेळा थरथरते. साध्या शॉक ॲब्सॉर्बरला या दोन्ही हालचाली एकाच ठरावीक घडणीने सांभाळाव्या लागतात, त्यामुळे त्यात नेहमीच कोठेतरी तडजोड असते. ॲडॅप्टिव्ह प्रकाराला क्षणाक्षणाला बाजू बदलता येते, आणि त्याचे खरे मोल यातच आहे. ‘कम्फर्ट’ आणि ‘स्पोर्ट’ ही बटणे त्यामानाने दुय्यम आहेत.

मात्र गतिरोधकावर पोट घासणे, तळघरातील पार्किंगच्या उतारावर पुढच्या बंपरचा ओठ टेकणे किंवा बारीक कडांच्या टायरमुळे बसणारा दणका यांपैकी काहीही या पर्यायाने सुटत नाही. ज्यांची मुख्य तक्रार यांपैकी एखादी आहे, त्यांनी पैसे दुसरीकडे खर्च करावेत.

२. पर्यायासोबत आणखी काय येते, ते वाचा

हे एका संध्याकाळचे काम आहे, पण ते टाळू नये. पोर्शच्या ७१८ मालिकेत हे सस्पेन्शन घेतले की गाडी १० मिलिमीटरने खाली येत असे आणि त्याचा ‘स्पोर्ट’ प्रकार घेतला की २० मिलिमीटरने. ९११ कॅरेरावर साधे ॲडॅप्टिव्ह सस्पेन्शन मुळातच मिळते, तेथे पैसे मोजावे लागतात ते १० मिलिमीटर खाली बसणाऱ्या ‘स्पोर्ट’ प्रकारासाठी. नाव जवळजवळ सारखे असले तरी पुण्यातील रस्त्यांवर या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट आहेत. उंची कमी करणारा कोणताही ‘स्पोर्ट’ प्रकार पुण्यात रोज चालवायच्या गाडीवर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

३. सोसायटीपासून मोजमाप सुरू करा

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. तसा गतिरोधक कोणतीही स्पोर्ट्स कार सावकाश ओलांडू शकते. अडचण येते ती सोसायटीने स्वतःच्या अकलेने बांधलेल्या, हातभर रुंद आणि वीतभर उंच उंचवट्याची. टेप घेऊन आपल्या रोजच्या वाटेवरील सर्वांत वाईट उंचवटा मोजा, उताराच्या पायथ्याशी तयार होणारा कोन पाहा आणि गाडीच्या तळाच्या उंचीशी ताडून पाहा.

जागा कमी पडत असेल, तर गाडीचा पुढचा भाग उचलणारी लिफ्ट आधी मागवा. ९११ वर ती पुढची बाजू सुमारे ४० मिलिमीटर उचलते. हे उचलणे फक्त पुढच्या चाकांपाशी होते, त्यामुळे गाडीच्या मधल्या पोटाला साधारण निम्माच लाभ मिळतो, हेही हिशेबात धरावे. लिफ्टही मागाहून बसवणे सोपे नसते. दोहोंपैकी एकच परवडत असेल, तर लिफ्ट घ्यावी.

४. चाचणी: येथेच सगळे अडते

हा टप्पा मला पूर्वी सर्वांत अवघड गेला आणि अजूनही बहुतेक ग्राहक येथेच फसतात, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहितो.

शोरूममधील चाचणीची गाडी बहुधा सर्व पर्यायांनी सजवलेली असते. विक्रेता तुम्हाला रुंद, गुळगुळीत रस्त्यावर नेतो, ‘कम्फर्ट’ दाबतो, मग ‘स्पोर्ट’ दाबतो, आणि ‘फरक जाणवला ना सर?’ असे विचारतो. फरक अर्थातच जाणवतो, कारण तो जाणवावा अशीच ती बटणे केलेली असतात. परंतु तुम्हाला निवड करायची आहे ती ‘कम्फर्ट’ आणि ‘स्पोर्ट’ यांच्यात नव्हे, तर हे सस्पेन्शन असलेली गाडी आणि साध्या सस्पेन्शनची गाडी यांच्यात, आणि साधी गाडी तर समोर उभीच नसते. साध्या सस्पेन्शनचा कडकपणा बहुधा या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असतो. ‘स्पोर्ट’मधील दणके म्हणजेच साधे सस्पेन्शन असे गृहीत धरून लोक पैसे मोजून मोकळे होतात. साध्या सस्पेन्शनची तीच गाडी मिळवण्यासाठी पंधरा दिवस थांबावे लागले तरी थांबा; वापरलेल्या गाड्यांच्या दालनात किंवा ओळखीतल्या कुणाकडे ती सापडते.

दुसरी फसगत चाकांची. समजा मूळ टायर २३५/४५, १८ इंची आहे, म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर आणि कडेची उंची तिच्या ४५ टक्के. त्याच्या कडेची उंची सुमारे १०६ मिलिमीटर भरते. त्याच गाडीवर २३५/३५, २० इंची टायर बसवला की ती ८२ मिलिमीटरवर येते. म्हणजे दणका पहिल्यांदा शोषणारी हवा आणि रबर सव्वादोन ते अडीच सेंटिमीटरच्या दरम्यान कमी झाले, आणि चेंबरच्या खचलेल्या झाकणाची धार थेट रिमपर्यंत पोहोचते. असा दणका सस्पेन्शनने सावरण्याआधीच तुमच्या कमरेत बसतो, आणि त्यावर कोणताही संगणक इलाज करू शकत नाही. म्हणून दोन गाड्यांची तुलना करताना चाकांचा आकार एकच आहे ना, हे आधी पाहा. आकार वेगळा असेल, तर ती तुलना सस्पेन्शनची राहत नाही.

हवेचा दाब स्वतः तपासा. खिशात मावणारा दाबमापक घेऊन जाणे विक्रेत्याला विचित्र वाटते, वाटू द्या. टायर थंड असताना दाब दाराच्या चौकटीवरील आकड्याशी जुळवून घ्यावा. चार-पाच पीएसआय जास्त हवा असलेली गाडी साध्या रस्त्यावरही टणाटण उडते, आणि दोष सस्पेन्शनवर जातो.

तिसरी गोष्ट बटणांची. मुख्य ‘स्पोर्ट’ बटण दाबले की ॲक्सिलरेटर, गिअरबॉक्स, स्टिअरिंग आणि सायलेन्सरचा आवाज हे सगळे एकदम बदलते, आणि आवाज वाढला की गाडी रस्त्याला अधिक चिकटून चालते असा भास होतो. फक्त शॉक ॲब्सॉर्बरचे बटण वेगळे असेल तर तेच वापरावे, बाकी सर्व ‘नॉर्मल’वर ठेवावे.

आता रस्ता. विक्रेत्याचा रस्ता नाकारून आपला रस्ता सांगावा, आणि दोन्ही गाड्या त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, तेवढीच माणसे बसवून चालवाव्यात. त्यात चार प्रकारचे पृष्ठभाग हवेत. पहिला, पेव्हिंग ब्लॉकचा किंवा पाइपलाइनसाठी खोदून बुजवलेला रस्ता, ताशी वीस-पंचवीसच्या वेगाने. येथे बारीक खडखड कळते. दुसरा, काँक्रीटचा. अशा रस्त्यात साधारण दर साडेचार मीटरला सांधा असतो, त्यामुळे ताशी ८० वर सेकंदाला जवळपास पाच ठोके बसतात, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तासभर हे ठोके सोसणे काय असते, ते ज्याने त्याने स्वतःच्या मानेवर ठरवावे. तिसरा, सातारा महामार्गावरील पुलांच्या तोंडाशी असते तशी लांब लाट. लाट ओलांडल्यावर गाडी एकदाच खाली-वर होऊन बसली तर उत्तम. ती दुसऱ्यांदा उचलली गेली तर शॉक ॲब्सॉर्बर कमी पडतो आहे.

चौथा पृष्ठभाग सर्वांत महत्त्वाचा: वळणाच्या मध्यभागी असलेला उंचसखलपणा. चांदणी चौकातून पिरंगुट, पौड करत मुळशीकडे निघालात की असे वळण शोधावे लागत नाही, ते स्वतःच येते. वळणात बाहेरच्या चाकावर भार असताना खड्डा लागला, की साध्या कडक सस्पेन्शनची गाडी बोटभर बाजूला सरकते आणि हात आपोआप स्टिअरिंग सावरतात. चांगले ॲडॅप्टिव्ह सस्पेन्शन असेल तर चाक खड्ड्यात उतरून वर येते आणि स्टिअरिंग हातात स्थिर राहते. पावसाळ्यात ओल्या घाटात हा फरक आरामाचा राहत नाही, सुरक्षिततेचा होतो. या एका ठिकाणी दोन्ही गाड्या सारख्याच वागल्या, तर पर्याय घेऊ नका. मग माहितीपत्रकात काहीही लिहिलेले असो.

शेजारच्या आसनावर घरातील अशी व्यक्ती बसवावी, जिला गाड्यांचे काडीचेही कौतुक नाही. चालकाला पुढचा खड्डा दिसतो, त्यामुळे त्याचे शरीर आधीच सावध होते. शेजारी बसलेल्याला ती सोय नसते. त्या व्यक्तीला चालत्या गाडीत मोबाइलवरील बातमी वाचायला सांगा. ओळ कोठे सुटते आणि कोठे सुटत नाही, हे ती जे सांगेल त्यावर विक्रेत्याच्या बोलण्याहून अधिक विश्वास ठेवा. दोन्ही गाड्यांतील आसने सारखी आहेत का, तेही पाहा, कारण पातळ गादीच्या रेसिंग आसनात कोणतेही सस्पेन्शन कडकच वाटते.

अर्ध्या तासात यातले काही होत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी सातची वेळ मागून घ्यावी. एवढ्या किमतीच्या गाडीसाठी दोन तास देत नसतील, तर दुसरे दालन पाहावे.

५. पूर्ण खर्च लिहून घ्या

पर्यायाची छापील किंमत ही सुरुवात असते. ती गाडीच्या किमतीत मिसळली की वाहनकर आणि विमाही त्या प्रमाणात वाढतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सर्व्हिस विभागात जाऊन एका शॉक ॲब्सॉर्बरची बदली किंमत लेखी मागावी. वॉरंटी संपल्यावर एक जरी गळू लागला, तरी त्या ॲक्सलवरचे दोन्ही बदलणे शहाणपणाचे असते, आणि साध्या प्रकाराशी तुलना केली तर आकडा कित्येक पटींचा निघतो. चार-पाच वर्षांत गाडी विकणार असाल, तर ही चिंता पुढच्या मालकाची. दहा वर्षे ठेवणार असाल, तर वाढीव वॉरंटीची किंमत पर्यायाच्या किमतीतच धरावी.

‘साधी गाडी घ्या, नंतर बाहेरून उंची बदलता येणारे सस्पेन्शन टाकू’ असे सांगणाऱ्यांचे ऐकू नये. वॉरंटीचा वाद उभा राहतो, शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलात असे मनमानी बदल करता येत नाहीत.

६. निर्णय

गाडी आठवड्यातून तीन-चार दिवस शहरात चालणार असेल, सोबत नेहमी कुणीतरी बसणार असेल आणि पर्यायामुळे उंची कमी होत नसेल, तर पैशांचा क्रम असा ठेवावा: लागत असल्यास लिफ्ट, मग सर्वांत लहान उपलब्ध चाके, मग ॲडॅप्टिव्ह सस्पेन्शन. लहान चाके बहुधा फुकट किंवा स्वस्त पडतात आणि पुण्यात ती निम्मे काम करतात; दिसण्यासाठी मोठी चाके घेऊन त्यांचे दणके लपवायला महागडे सस्पेन्शन घेणे हा व्यवहार मला आजवर समजलेला नाही. गाडी केवळ रविवारी पहाटे ताम्हिणीला जाऊन येण्यासाठी असेल, तुम्ही एकटेच चालवणार असाल आणि वजनाने हलकी, साध्या सस्पेन्शनची गाडी चौथ्या पृष्ठभागावर तुम्हाला आवडली असेल, तर ती निःशंक घ्या. अशा गाडीचा स्वभाव नेहमी एकसारखा असतो आणि तो अंगवळणी पडतो. लांबचे प्रवास, जड गाडी आणि वयस्कर सहप्रवासी असतील, तर मात्र ॲडॅप्टिव्हवाचून घेऊ नये.

७. सही आणि ताबा

मागणीपत्रावर पर्यायाचे नाव आणि सांकेतिक क्रमांक दोन्ही तपासा, कारण साधा ॲडॅप्टिव्ह आणि खाली बसणारा ‘स्पोर्ट’ यांचे क्रमांक वेगळे असतात आणि नावे फसवी. गाडी हाती आल्यावर दोन गोष्टी शोरूमच्या दारातच विचारा. वाहतुकीत गाडी बोटीवर किंवा ट्रकवर आदळू नये म्हणून काही कंपन्या स्प्रिंगमध्ये ठोकळे बसवून पाठवतात आणि टायरमध्ये जादा हवा भरतात. ठोकळे काढल्याची नोंद तपासणीच्या कागदावर आहे ना, हे पाहा, आणि तो दाबमापक पुन्हा एकदा खिशातून काढून चारही टायर स्वतः मोजा.