स्पेशल मुलाला घेऊन चर्चला जाताना: पुण्यातल्या ख्रिस्ती आईबाबांसाठी

माझा मुलगा 14 वर्षांचा आहे, ऑटिझम आहे आणि फिट्सही येतात. खाली लिहिलेलं सगळं घरात आणि मंडळीत करून बघितलेलं आहे, ज्यांचं मूल अजून लहान आहे त्यांना तरी आमच्याइतकं चाचपडावं लागू नये म्हणून लिहितेय.

सगळ्यात आधी मनातला दोष काढा. तो चार वर्षांचा असताना एका प्रार्थना सभेत एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ताई, घरात काही कबूल करायचं राहिलंय का बघा. मी रिक्षात त्याला मांडीवर घेऊन वानवडीपर्यंत माझी पापं मोजत आले. योहानाचा 9 वा अध्याय मी लहानपणापासून ऐकलेला, पण त्या रात्री पहिल्यांदा नीट वाचला. जन्मांध माणसाबद्दल शिष्य विचारतात पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं, आणि येशू सरळ सांगतो, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. आता कोणी तसं बोललं तर मी एवढंच म्हणते की शिष्यांनीही हेच विचारलं होतं, उत्तर तिथेच आहे, वाचा. भांडत बसत नाही.

दुसरं, औषधं. बरं होण्यासाठी प्रार्थना जरूर करा, आम्हीही करतो, पण विश्वास असेल तर गोळ्या कशाला असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. फिट्सच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर फिट जोरात येते, कधी कधी थांबतच नाही आणि जिवावर बेतू शकतं. डोस कमी करायचा की नाही ते फक्त न्यूरोलॉजिस्टने ठरवायचं.

आता रविवार. एकदम भरल्या उपासनेला नेऊ नका. शनिवारी चर्चची किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांना विनंती करा आणि रिकामं चर्च दाखवून आणा, बाकावर बसू दे, वेदीजवळ जाऊन येऊ दे, पंखे लावून त्यांचा आवाज ऐकू दे. मग पहिले काही रविवार फक्त 15 मिनिटं, पहिलं गीत आणि प्रार्थना झाली की घरी. तो रडायच्या आधी निघायचं, रडल्यावर नाही, नाहीतर रडलं की सुटका होते हेच डोक्यात बसतं. आमचा कानावर हात ठेवून ओरडायचा, आम्हाला वाटायचं गाण्याचा त्रास होतोय, तीन महिन्यांनी लक्षात आलं की गाण्यात तो शांत असतो, सूचना द्यायला कोणी माईक हातात घेतला की जी शिट्टी वाजते तिने तो बिथरतो. स्पीकरजवळचा बाक सोडला, बाजूच्या दाराजवळ बसायला लागलो, निम्मा प्रश्न तिथेच मिटला. म्हणून नुसतं रडतोय म्हणू नका, नक्की कुठल्या क्षणाला रडतोय ते लिहून ठेवा.

एक चित्रांची पट्टी करा. गीत, प्रार्थना, वचन, संदेश, दान, आशीर्वाद, एकेका चित्राला मागून वेल्क्रो, जे झालं ते काढून पिशवीत टाकायचं. किती उरलंय हे त्याला दिसतं, आणि शेवटचं हात वर केलेल्या पाळकसाहेबांचं चित्र आलं की तो स्वतः चपला शोधायला लागतो. प्रभूची प्रार्थना पूर्ण पाठ व्हायलाच हवी असं नाही. आमच्याला फक्त आमेन येतं, तेही सगळ्यांचं झाल्यावर, जरा उशिरा, आणि आता पाळकसाहेब त्याच्यासाठी थांबतात.

दृढीकरणाचं, म्हणजे मुलाने स्वतः विश्वास कबूल करायच्या विधीचं, वय आलं की पाळकांना आधीच भेटा आणि वर्ग एकेकट्याने, चित्रं दाखवून घेता येईल का विचारा. याला काय कळणार असं उत्तर आलं तर मफीबोशेथाची गोष्ट काढा, 2 शमुवेल 9. दाविदाने त्याला रोज आपल्या मेजावर जेवायला बसवलं, आणि अध्यायाच्या शेवटी लिहिलंय की तो दोन्ही पायांनी लंगडा होता. म्हणजे पाय बरे झाले नव्हते, तरी जागा मेजावरच होती. आपल्याकडेच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी अंध बायकांना सांभाळलं, आणि त्यांची मुलगी मनोरमाबाई हिने त्यांना ब्रेल शिकवलं, म्हणजे कळणार नाही म्हणून शिकवणं सोडलं नाही, आणि याला शंभरहून जास्त वर्षं झाली.

कागदपत्रं मात्र टाळू नका. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज करा, तपासणी ससून हॉस्पिटलला होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचं अपंगत्व धरलंय आणि 40 टक्के किंवा जास्त असेल तर 6 ते 18 वर्षांपर्यंत शिक्षण मोफत मिळण्याचा हक्क आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय ही आरोग्य विम्याची पॉलिसी काढा, एक लाखापर्यंतचं कव्हर आहे आणि थेरपीचाही खर्च त्यात धरतात.

आणि चार माणसं शोधा. पक्षाघाती माणसाला छप्पर उघडून येशूपुढे उतरवणारे चौघे होते, आईबाप दोघांनीच बाज उचलायची नसते. एक जण उपासनेत त्याच्याजवळ बसणारा, म्हणजे तुम्हाला संदेश ऐकता येईल, एक जण त्याच्या भावंडाला फक्त त्याच्यासाठी म्हणून बाहेर नेणारा, एक जण दवाखान्यात सोबत येणारा. चौथा सगळ्यात अवघड, आपल्यानंतर त्याला सांभाळणारा. मूल 18 चं झालं की कायद्याने आईबापही आपोआप पालक राहत नाहीत, नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली कलेक्टरांच्या समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो, आणि आपल्यानंतर कोण हे तेव्हा ठरवायला बसलं तर उशीर होतो. आम्ही माझ्या धाकट्या दिरांना आत्ताच विचारलं. त्यांनी दोन दिवस मागितले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला गोळ्यांचा चार्ट उतरवून घ्यायला वही घेऊन घरी आले.