केळीच्या खोडाचा कोळसा प्लाझ्मात घालताना या चुका टाळा

रावेर-यावलकडे घड कापला की केळीचं खोड बांधावर पडून असतं. ते वाळवून, हवा न लागू देता भाजलं की कोळसा मिळतो. हवा उपसलेल्या बंद चेंबरमध्ये थोडा ऑक्सिजन सोडून विजेने चेतवला की त्याचा प्लाझ्मा, म्हणजे चमकणारा विद्युतभारित वायू, होतो. त्यात ठेवला की कोळसा पाणी धरू लागतो, आणि सुपरकपॅसिटरच्या (झटपट चार्ज होणारं, वीज साठवणारं साधन) इलेक्ट्रोडला तेच हवं असतं. कॉस्टिक पोटॅश हा तीव्र क्षार घालून कोळसा तयार करण्याच्या पद्धतीत मागाहून बादल्यांनी पाणी ओतून धुवावं लागतं, ते इथे वाचतं. जळगावच्या मे महिन्यात पाण्याचं मोल वेगळं सांगायला नको.

पहिली चूक आमचीच. जुलैत व्हॅक्यूम येईना. गळतीच असणार, असं धरून आम्ही दोन दिवस ओ-रिंग (सांधा हवाबंद करणारी रबरी कडी) काढत-घालत बसलो. खरं तर पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करून दर मिनिटाला दाब लिहून ठेवला असता तर अर्ध्या तासात कळलं असतं. दाब सरळ रेषेत चढतच राहिला तर गळती. चढता चढता मंदावला तर ओल. आमच्याकडे ओलच होती. पावसाळी हवेत कोळसा स्पंजासारखा पाणी ओढतो. तेव्हापासून भुकटी रात्रभर 110 अंशांवर ओव्हनमध्ये ठेवतो आणि कोमट असतानाच चेंबरमध्ये घालतो.

दाब नीट उतरूनही प्लाझ्मा गुलाबी-जांभळा दिसला, तर मात्र हवा शिरतेय, त्यातला नायट्रोजन तो रंग देतो. मग खुशाल ओ-रिंग उघडा.

पंपाचा व्हॉल्व्ह झटक्यात उघडू नका. भुकटी उडून थेट पंपात जाते, आणि ती साफसफाई शत्रूवरही येऊ नये.

"जास्त वेळ ठेवलं तर जास्त चांगलं" हा गैरसमज सगळ्यांत महागात पडतो. ऑक्सिजन प्लाझ्मा कार्बन खातो. तो कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. एक, दोन, पाच मिनिटं अशी पायरी धरा, दर वेळी आधी-नंतर वजन करा.

वहीत नुसते '100 वॅट' लिहू नका. प्लाझ्मा पेटवणारा 13.56 मेगाहर्ट्झचा जनरेटर 100 देतोय आणि 40 परत येताहेत, तर कोळशाच्या वाट्याला फार तर 60. दाब बदलला की मॅचिंग, म्हणजे परत येणारी वीज कमी करणारी जुळणी, पुन्हा जुळवा.

आणि पंपातलं तेल बघा. शुद्ध ऑक्सिजन ओढायचा असेल तर साधं खनिज तेल पेट घेऊ शकतं. त्याला फ्लोरिनयुक्त तेलच लागतं. महाग आहे, पण ते भरल्याशिवाय सिलिंडरचा नॉब फिरवू नका.