पूर्व झांबियाच्या खेड्यात कुटुंबासह मिशनसेवेला निघण्यापूर्वी करावयाची तयारी

तिकिटाची तारीख ठरवण्यापूर्वी तेथील पावसाळा आणि पीकपाणी समजून घ्यावे. झांबियात पाऊस साधारण नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत पडतो आणि मक्याची कापणी एप्रिल-मेच्या सुमारास सुरू होते. जानेवारी ते मार्च हे महिने अनेक घरांत ओढगस्तीचे असतात, कारण आदल्या वर्षीचा मका संपत आलेला असतो आणि शेतातला अजून तयार नसतो. आम्ही फेब्रुवारीत पोहोचलो. पहिल्याच संध्याकाळी यजमानांनी आमच्यासाठी कोंबडी कापली, शेजारणीने मक्याच्या पिठाचा घट्ट न्शिमा घाटून आणला, आणि आम्ही पोटभर जेवलो. त्या घराची कणगी तळाला गेली होती, हे आम्हाला कित्येक आठवड्यांनी कळले आणि ते अजूनही मनाला लागून राहिले आहे. म्हणून शक्य असल्यास मे किंवा जूनमध्ये पोहोचावे. तेव्हा हवा थंड आणि कोरडी असते, कच्चे रस्ते चालू असतात, घरांत धान्य असते आणि माणसांना बोलायला सवड असते. शाळेचे वर्ष जानेवारीत सुरू होत असल्याने मुलांनाही भाषा कानावर पडायला सहा-सात महिने मिळतात.

कागदपत्रांचे काम यजमान मंडळीमार्फतच, म्हणजे तेथल्या चर्चमार्फतच करावे आणि पर्यटक म्हणून जाऊन मागाहून परवाना मिळवू, असा विचार करू नये. डॉक्टर किंवा परिचारिका असलेल्यांनी तेथील परिषदेकडे नोंदणीचा अर्ज बराच आधी पाठवावा. अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाणाऱ्यांनी पीतज्वराची लस वेळेत घ्यावी. तिचे प्रमाणपत्र लस टोचल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य धरले जाते.

हिवतापाची तयारी मात्र कोणत्याही कारणाने अर्धवट सोडू नये. प्रत्येक अंथरुणाला औषध लावलेली मच्छरदाणी हवी, आणि ती गादीखाली चारही बाजूंनी खोचण्याची सवय मुलांना निघण्यापूर्वीच लावावी. प्रतिबंधक गोळ्या वयानुसार आणि वजनानुसार बदलतात, त्यामुळे त्या डॉक्टरांना विचारूनच ठरवाव्यात. मुलाला ताप आला, तर ‘सकाळपर्यंत पाहू’ असे न म्हणता त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. भारतातील सर्पदंशाची लस आफ्रिकेतील सापांच्या विषावर चालत नाही, म्हणून ती नेण्यात अर्थ नाही. त्याऐवजी तेथल्या सापांवर चालणारी लस ठेवणारे जवळचे रुग्णालय कोणते आणि रात्री तेथे नेणारे वाहन कोणाकडे आहे, हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवावे. बाहेर वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर पुत्सी नावाची माशी अंडी घालते आणि तिची अळी माणसाच्या कातडीत शिरते. त्यामुळे लंगोट, बनियन, चादरी या सर्वांवर शिवणीपर्यंत कडक इस्त्री फिरवावी लागते. कोळशाची इस्त्री तेथे मिळते, ती येथून वाहून नेण्याची गरज नाही.

स्वयंपाकघरासाठी प्रेशर कुकर, त्याच्या दोन-तीन जादा रिंगा, हिंग आणि गोडा मसाला एवढे पुरते. डाळी आणि मसाले चिपाटा या पूर्व प्रांताच्या मुख्य शहरातील भारतीय वंशाच्या दुकानदारांकडे मिळतात. शेंगदाणा तर गावातच पिकतो आणि लाल भोपळ्याच्या पाल्याची कूट घातलेली भाजी तेथल्या घरोघरी होते. आमच्या आईच्या हातची चव आम्हाला त्या ताटात पहिल्यांदा सापडली.

भाषेसाठी आठवड्यातले काही तास राखून ठेवणे हे सामानाहून महत्त्वाचे आहे. दारावर थाप न मारता ‘ओडी’ असा आवाज द्यावा आणि आतून उत्तर येईपर्यंत थांबावे. ‘मुली ब्वांजी?’, म्हणजे ‘कसे आहात?’, असे विचारल्याखेरीज कामाचा विषय काढू नये, मग काम कितीही निकडीचे असो. जेवणापूर्वी घरातले मूल तांब्या-परात घेऊन पाहुण्यांच्या हातावर पाणी घालते. तेव्हा घाई न करता हात धुवावेत आणि न्शिमा उजव्या हाताने खावा.

सेवाकार्याची योजना येथूनच लिहून नेण्याचा मोह टाळावा, असे मी आग्रहाने सांगते. आम्ही नवी विंधन विहीर खोदण्यासाठी निधी जमवून गेलो होतो. गावात दोन हापसे आधीपासून होते आणि दोन्ही बंद पडलेले होते. ते ‘इंडिया मार्क टू’ बनावटीचे निघाले. १९७०च्या दशकात युनिसेफच्या पुढाकाराने घडलेल्या या हापशाची पाळेमुळे जालना आणि सोलापूरच्या पंपांत आहेत, आणि आज तो झांबियाच्या गावोगावी दिसतो. पाणी समितीतल्या एका बाईंनी खालच्या सिलिंडरमधून झिजलेला वॉशर काढून माझ्या तळहातावर ठेवला. तो कडेने कातरल्यासारखा झाला होता. एवढ्याशा तुकड्यापायी गावातल्या मुली ओढ्यापर्यंत हंडे वाहत होत्या. तेव्हा नळ्या उपसण्याची अवजारे, वॉशर, साखळी, बेअरिंग आणि दुरुस्ती शिकू इच्छिणाऱ्या दोघा-तिघांच्या प्रशिक्षणाचा खर्च अंदाजपत्रकात प्रथम धरावा, नवीन खोदकाम नंतर. जुने कपडे मात्र गाठोडी बांधून नेऊ नयेत. बाजारात शिलाई यंत्रावर बसणाऱ्या शिंप्याचे पोट त्यावर असते. गणवेश द्यायचेच असतील, तर कापड घेऊन त्याच्याकडूनच शिवून घ्यावेत. आरोग्यसेवेत हातभार लावायचा असेल, तर झाडाला तराजू टांगून बाळांची वजने घेतात त्या दिवशी जावे आणि पहिले काही महिने नोंदवहीत आकडे लिहिण्याचेच काम मागून घ्यावे. चितेंगेत, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायच्या छापील कापडात, बाळ पाठीशी बांधून उन्हात उभ्या राहिलेल्या आयांची नावे आणि चेहरे तेवढ्यात ओळखीचे होतात.

मुलांसाठी मराठी वाचनाची पुस्तके, पाढ्यांची वही आणि आजी-आजोबांचे छायाचित्र हाताशी राहील अशा पिशवीत ठेवावे. घरातली रोजची प्रार्थना मराठीतच चालू ठेवावी आणि रविवारच्या उपासनेत तेथल्या भाषेतली गीते मुलांना पाठ होऊ द्यावीत.

सर्वांत शेवटी, यजमान पाळकांमार्फत गावच्या मुखियाला पत्र धाडावे, त्यांच्या परवानगीशिवाय मुक्काम टाकू नये. त्या पत्रात थोरल्या मुलाचे किंवा मुलीचे नाव ठळक आणि उच्चारायला सोपे करून लिहावे, कारण तेथे आईबापांना थोरल्या अपत्याच्या नावाने हाक मारण्याची रीत आहे आणि तुम्ही पोहोचाल तेव्हा गाव तुम्हाला त्याच नावाने बोलावील.