डोळ्याच्या धमन्या आणि आमची ठिबकची बाग

मेडिकलच्या पहिल्या वर्षी मिरजेत डिसेक्शन हॉलमध्ये ऑर्बिट, म्हणजे डोळ्याची खोबण, उघडलं, तेव्हा चरबीत रुतलेल्या त्या दोऱ्यासारख्या धमन्या बघून धीरच खचला. ऑप्थॅल्मिक आर्टरीच्या, म्हणजे डोळ्याच्या मुख्य धमनीच्या, फांद्या आठवडाभर घोकल्या, तरी व्हायवात (तोंडी परीक्षेत) "लॅटरल रेक्टसमधून अँटेरियर सिलिअरी किती?" या प्रश्नावर गप्प राहिलो. (एकच. रेक्टस म्हणजे डोळा हलवणारे स्नायू, अँटेरियर सिलिअरी म्हणजे त्यांतून डोळ्याच्या पुढच्या भागात जाणाऱ्या बारीक धमन्या. बाकी तिन्ही रेक्टसमधून दोन-दोन, एकूण ७.)

सुट्टीत तासगावला गेलो. बागेत वडील ठिबक तपासत होते. एक लॅटरल, म्हणजे वेलींच्या ओळीतली ठिबकची नळी, चोंदली होती आणि तिच्यापुढच्या वेली मलूल पडल्या होत्या. तेव्हापासून डोळ्याच्या प्रत्येक भागाला मी हेच विचारतो: तुझं पाणी कुठून येतं, आणि ते बंद झालं तर दुसरीकडून मिळतं का?

रेटिनाला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याला, दोन पाणी आहेत. कॅव्हर्नस सायनसमधून (कवटीत मेंदूखाली असलेली शिरांच्या रक्ताची पोकळी) बाहेर पडताच इंटर्नल कॅरॉटिड ही मानेतून वर येणारी मोठी धमनी ऑप्थॅल्मिक देते, ती ऑप्टिक कॅनॉलमधून डोळ्याच्या खोबणीत येते. तिची सेंट्रल रेटिनल ही फांदी डोळ्याच्या गोळ्यामागे साधारण १ सेंमीवर ऑप्टिक नर्व्हमध्ये खालून शिरते आणि रेटिनाचे आतले थर भिजवते. बाहेरचे थर, म्हणजे रॉड आणि कोन या प्रकाश टिपणाऱ्या पेशी, कोरॉइड या मागच्या रक्तवाहिन्यांच्या थरावर जगतात; तिथं पाणी शॉर्ट पोस्टेरियर सिलिअरी या ऑप्थॅल्मिकच्याच फांद्या आणतात. सेंट्रल रेटिनल ही मात्र आमच्या लॅटरलसारखी, शेवटची नळी. ती तुंबली की आतले थर सुजून पांढरे पडतात. फोव्हियावर, म्हणजे रेटिनाच्या मधल्या सर्वांत तीक्ष्ण नजरेच्या खळग्यावर, ते थर जवळपास नसतातच, म्हणून मागचं कोरॉइड लालच दिसत राहतं. पांढऱ्या रेटिनावरचा लाल ठिपका, म्हणजे चेरी रेड स्पॉट, तो हा असा. एकदा हे कळलं की पाठ करावं लागत नाही.

शिरांसाठी एवढं धरा: सुपीरियर ऑप्थॅल्मिक व्हेन चेहऱ्याच्या शिरांना जोडलेली असते आणि कॅव्हर्नस सायनसमध्ये रिकामी होते. नाकावरची पुटकुळी फोडू नका म्हणतात ते यासाठी: तिथला संसर्ग याच वाटेनं आत जाऊ शकतो.

आणि चित्र स्वतःच्या हातानं काढा, रोज, पुस्तक मिटून.

पुढं नेत्रविभागाच्या पोस्टिंगमध्ये एक आजोबा आले. एका डोळ्याची नजर अचानक गेली, दुखलं काहीच नाही, म्हणून दोन दिवस घरीच थांबलेले. सेंट्रल रेटिनल तुंबली की रेटिना काही तासच तग धरते. काही जणांना सिलिओरेटिनल नावाची जादा फांदी असते, ती सिलिअरीकडून येते आणि मधली नजर वाचवते. मी ऑप्थॅल्मोस्कोपमधून बराच वेळ ती शोधत राहिलो. आजोबांना ती नव्हती.