आपल्या गावाचा मुख्यमंत्री कधी कोण होता, याची यादी कशी लावायची

एफडीए-एसडीए म्हणजे कर्नाटक सरकारच्या कारकुनी नोकऱ्यांच्या परीक्षांचा अभ्यास करणारी आपल्याकडची पोरं कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांची यादी पाठ करतात, ती सुरू होते के. सी. रेड्डींपासून, 1947. परीक्षेत तीच लिहा, मार्क तिलाच मिळणार. पण त्या साली बेळगाव, खानापूर, निपाणीचा रेड्डींशी काय संबंध? काहीच नाही. बरं महाराष्ट्राची यादी काढली तर ती 1960 ला यशवंतरावांपासून चालू. म्हणजे दोन्ही याद्या आपल्या नव्हेत, आपली आपणच लावायला लागते.

एक वही घ्या, पानाच्या मधोमध आडवी रेघ मारा आणि त्यावर लिहा 1 नोव्हेंबर 1956. त्या दिवसापर्यंत आपला भाग मुंबईत होता, त्या दिवसापासून म्हैसूर राज्यात, म्हणून वरचा भाग मुंबईचा, खालचा म्हैसूरचा.

वरचं आधी भरा, कारण तेच कुणाला माहीत नसतं. 1935 च्या कायद्यानं प्रांतांना स्वतःची सरकारं मिळाली, 1937 ला निवडणुका झाल्या, सुरुवातीचे तीन-साडेतीन महिने धनजीशा कूपर आणि जुलैपासून बाळासाहेब खेर. त्यावेळी या पदाला प्रांताचा पंतप्रधान म्हणायचे, त्यामुळं जुन्या कागदात तसं दिसलं तर गडबडू नका. 1939 ला महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसनं राजीनामे दिले, तिथून 1946 पर्यंत गव्हर्नरचा कारभार, तेवढी जागा मोकळी सोडा. 1946 ते 52 परत खेर, नंतर 1956 पर्यंत मोरारजी देसाई. झालं, वरचा भाग संपला.

आता इथं हमखास वाद होतो. आपल्याकडं बरेच लोक छातीठोकपणे सांगतात की यशवंतराव चव्हाण आपले मुख्यमंत्री होते. नव्हते ओ. ते द्विभाषिक (मराठी-गुजराती) मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले तो दिवसच 1 नोव्हेंबर 1956, आणि त्याच दिवशी बेळगाव, विजापूर, धारवाड, कारवार म्हैसूरला गेले. चंदगड तालुका तेवढा तिकडं राहिला. म्हणजे चंदगडच्या मामाच्या यादीत यशवंतराव येतात, बेळगावच्या भाच्याच्या यादीत नाहीत.

वरच्या भागात अजून एक खोच आहे, गाव संस्थानी होतं का ते बघा. बेळगावातलंच शहापूर घ्या, ते सांगली संस्थानचं, आज बाजारात चालत चालत जाताना कळत पण नाही की हद्द ओलांडली, पण 1948 ला विलीनीकरण होईपर्यंत खेर हे शहापूरवाल्यांचे नव्हतेच, त्यांचा कारभार सांगलीकर पटवर्धनांकडं. रामदुर्ग, जमखंडीचं तसंच, आपापली संस्थानं. घरात आजोबांच्या काळचं खरेदीपत्र नाहीतर शाळेचा दाखला असेल तर काढून बघा, वरती काय छापलंय, संस्थान की मुंबई की म्हैसूर, अर्धं काम तिथंच होतं. पाहुणे भालकी-बसवकल्याणचे असले तर त्यांचा वरचा भाग वेगळाच, तो हैदराबादचा, 1952 ते 56 बुर्गुल रामकृष्ण राव.

रेघेखाली पहिलं नाव एस. निजलिंगप्पा. 1958 ला बी. डी. जत्ती, आणि हे नाव जरा ठळक लिहा, कारण हा माणूस जमखंडीचा, आधी जमखंडी संस्थानच्या कारभारात, मग मुंबई सरकारात, मग म्हैसूरचा मुख्यमंत्री, पुढं उपराष्ट्रपती आणि 1977 ला काही महिने हंगामी राष्ट्रपती. आपल्या भागाची सगळी उलथापालथ एका माणसात बघायची तर जत्ती बघा. 1962 ला निजलिंगप्पा स्वतःच निवडणूक हरले म्हणून तीनेक महिने एस. आर. कंठी, मग परत निजलिंगप्पा. सीमावादावरचा महाजन आयोग 1966 ला नेमला आणि 67 ला त्याचा अहवाल आला तेव्हा इकडं खुर्चीवर तेच होते. 1968 ला वीरेंद्र पाटील, 1972 ला देवराज अर्स. अर्स यांच्याच काळात, 1 नोव्हेंबर 1973 ला, राज्याचं नाव कर्नाटक झालं, म्हणून त्याच्या आधीच्या ओळीत "म्हैसूर"च लिहा.

पुढचं गुंडूराव, हेगडे, बोम्मई वगैरे कुठल्याही गाईडमध्ये मिळतं, ते तिथून उतरून घ्या. फक्त राष्ट्रपती राजवटीच्या जागा बुजवू नका. 1989 ला एस. आर. बोम्मईंचं सरकार बरखास्त केलं ती मोठी जागा, त्यावरच सुप्रीम कोर्टाचा 1994 चा निकाल आला आणि सरकारकडं बहुमत आहे की नाही ते सभागृहातच ठरवायचं हे पक्कं झालं. आणि येडियुरप्पांना एकाच ओळीत कोंबू नका, 2007, 2008, 2018, 2019 अशा चार शपथा, चार ओळी, त्यातल्या 2007 आणि 2018 च्या तर काही दिवसांच्याच.

बेळगावपुरत्या दोन नोंदी बाजूला करा. 2006 ला इथं अधिवेशन भरलं तेव्हा कुमारस्वामी, आणि 11 ऑक्टोबर 2012 ला सुवर्णसौधचं, म्हणजे इथल्या विधिमंडळाच्या इमारतीचं, उद्घाटन राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी केलं तेव्हा जगदीश शेट्टर. शहराचं नाव बेळगावी झालं 1 नोव्हेंबर 2014 ला, त्या ओळीत सिद्धरामय्या.