डब्याचं माप आतून घ्या: गाडीतल्या वूफरसाठी किती लिटर?

जळगावात अजिंठा चौफुलीच्या पुढे माझं गाड्यांना म्युझिक बसवायचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाईक आलं की पहिलं वाक्य ठरलेलं: "दादा, माले मोठा डबा जोयजे." मी विचारतो, वूफर, म्हणजे बासचा स्पीकर, कोणता? उत्तर येतं, "बारा इंची, हजार वॅट." यातल्या एकाही आकड्यावरून डबा ठरत नाही. दोन बारा इंची वूफर शेजारी ठेवले तर एकाला २५ लिटर पुरतात आणि दुसरा ५५ लिटर मागतो. वॅट तर सोडूनच द्या, ते अँप निवडताना बघायचे.

वूफरच्या खोक्यात एक कागद येतो. तो आधी शोधा. बहुतेक जण तो थर्माकोलबरोबर फेकून देतात, मग मोबाइलवर मॉडेल नंबर टाकून शोधावा लागतो. बंद डबा किती लिटरचा आणि पाइपवाला, म्हणजे हवा आतबाहेर करायला पाइप बसवलेला, किती लिटरचा, हे कंपनीने त्यावर सांगितलेलं असतं. आकडा क्युबिक फुटात असेल तर २८.३ ने गुणा. तो आकडा आहे म्हणजे निम्मं काम झालं.

आकडा नसेल, पण व्हीएएस (वूफरच्या लवचिकपणाइतकी लवचिक हवा किती लिटर) आणि क्यूटीएस (कोनच्या झुलण्याला किती आवर आहे, त्याचा आकडा) छापले असतील, तर बंद डब्याचा हिशेब घरी होतो. कोन म्हणजे वूफरचा पुढेमागे हलणारा पडदा. ०.७०७ ला क्यूटीएसने भागा, त्याचा वर्ग करा, १ वजा करा आणि जे उरेल त्याने व्हीएएसला भागा. समजा व्हीएएस ६० लिटर आणि क्यूटीएस ०.४५ आहे. उत्तर येतं जवळजवळ ४१ लिटर. डबा यापेक्षा बराच लहान झाला तर बास फुगतो, एकाच सुरात ढूं-ढूं करतो. फार मोठा झाला तर कोनला मागून हवेचा आधार राहत नाही आणि आवाज वाढवला की तो गरजेपेक्षा जास्त पुढेमागे पळतो.

आता माझी फजिती सांगतो, कारण निम्मे डबे याच चुकीने बिघडतात. माझ्या जुन्या व्हॅनसाठी मी पहिला पाइपवाला डबा केला. कागदावर ५५ लिटर होतं. मी ४० बाय ३५ बाय ४० सेंटीमीटरचं खोकं आखलं, गुणाकार ५६ हजार घनसेंटीमीटर, म्हणजे ५६ लिटर. खूश! पण ती मापं बाहेरची होती. फळी १८ मिलिमीटर एमडीएफची, म्हणजे प्रत्येक मापातून ३.६ सेंटीमीटर गेले. आतून उरलं ३६.४ बाय ३१.४ बाय ३६.४, सुमारे ४१.६ लिटर. त्यात वूफरच्या मॅग्नेटने अडीच लिटर जागा खाल्ली, पाइपाने अडीच, आधाराच्या पट्ट्यांनी एक. हवा राहिली जेमतेम ३५ लिटर. पाइप मात्र ५५ च्या हिशेबाने कापलेला. ३५ हर्ट्‌झवर ट्यून व्हायचा, म्हणजे ज्या सुरावर पाइप घुमतो तो ३५ चा ठेवायचा, तो डबा ४३-४४ वर गेला. ढोल घुमायचा, पण खालचा बास गायब. आठवडाभर मी अँपला शिव्या घातल्या.

म्हणून उलट चालायचं. हवी तेवढी हवा आधी लिहा, त्यात वूफर, पाइप आणि पट्ट्या मिळवा, मग आतली मापं ठरवा आणि शेवटी प्रत्येक मापात दोन फळ्यांची जाडी घाला. सुताराला द्यायचं माप ते.

पाइपाला आपल्याकडे काय तोटा? शेतातला उरलेला पीव्हीसी तुकडा चालतो, फक्त आतला व्यास मोजा. आतून १० सेंटीमीटर, डबा ५० लिटर आणि ट्यूनिंग ३५ हर्ट्‌झ असेल तर लांबी साधारण ३१ सेंटीमीटर येते. तो ग्लू गनने चिकटवू नका. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तो गोंद मऊ पडतो आणि पाइप आत लोंबतो. सिलिकॉन वापरलंत तर ते पूर्ण सुकून त्याचा आंबट वास गेल्यावरच वूफर बसवा.

बंद की पाइपवाला? डिकीत सीएनजीची टाकी असेल तर प्रश्नच मिटला, बंदच करा. लहान गाडीची केबिन खालच्या बासला स्वतःच उचल देते, त्यामुळे बंद डबा गाडीत वाटतो तेवढा फिका पडत नाही. पाइपवाल्याचा आवाज जास्त, पण ट्यूनिंगच्या खाली कोन मोकाट सुटतो. अँपवर सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर अडवणारा) नसेल तर मी पाइपवाला डबा करून देत नाही. गिऱ्हाईक रुसलं तरी चालेल.

बंद डबा थोडा लहान पडलाच तर उशीत भरतात तो पॉलिस्टर फायबर सैलसर भरा. वूफरला डबा किंचित मोठा भासतो. घरचा कापूस भरू नका. आपल्याकडे तो मुबलक आहे म्हणून लोक कोंबतात, पण तो दमट होऊन गोळा होतो आणि तळाशी बसतो.

मागच्या सीटला टेकेल असा तिरपा डबा असेल तर वरची आणि खालची खोली मिळवून अर्धी करा. वर २० आणि खाली ३० म्हणजे २५ धरायची. तिला उंची आणि रुंदीने गुणा. गुणाकारावर भरवसा नसेल तर पाइपाचं डब्यातलं तोंड फडक्याने बंद करा आणि वूफरच्या भोकातून लिटरच्या मापाने दादर ज्वारी ओता. जितकी मापं मावतील तितके लिटर, त्यातून फक्त वूफरची जागा वजा करायची. नंतर डबा उलटा करून नीट झटका. रावेरच्या एका केळीवाल्याच्या डब्यात माझ्याकडून चार दाणे राहिले होते. तो तीनदा परत आला, "भाऊ, गाणं लागलं की आत काहीतरी नाचतंय."